शेक्सपिअर बाटला म्हणे!

हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. एरवी वाचून सोडून दिला असता. पण परवा ताईने तो माझ्या भाचीला पाठवला आणि खाली एक ओळ जोडली: ‘विषय बदलून मिळतो का बघ गं.’ भाची पुण्यात इंग्रजी साहित्य शिकते. सेमिनारसाठी तिने १९९९ सालचा ‘टेन थिंग्ज आय हेट अबाउट यू’ हा सिनेमा आणि तो ज्याच्यावर बेतलाय ते शेक्सपिअरचं ‘द टेमिंग ऑफ द श्रू’ अशी जोडी घेतली होती. आता ती मला विचारतेय, मावशी, विषय खरंच इतका थिल्लर आहे का? तिला फोनवर सांगून झालं. बाकीच्यांसाठी हे लिहितेय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. शेक्सपिअरची नाटकं जगाने चारशे वर्षं जशीच्या तशी जपली, हॉलिवूडने ती शाळकरी पोरापोरींच्या प्रेमचाळ्यांत बुडवली. मूळ नाटकात तापट मुलगी नवऱ्याच्या प्रेमाने शहाणी होते. सिनेमाने तो संस्कार काढून मुलींना उद्धटपणा शिकवला. ‘शीज द मॅन’ने मुलगा-मुलगी हा भेदच पुसून टाकला. ‘क्लूलेस’ने शेक्सपिअरची टिंगल केली. यांच्यामुळे मुलं मूळ पुस्तकं वाचेनाशी झाली. आपल्या मराठी रंगभूमीने अभिजात नाटकांशी असा खेळ कधी केला नाही. सबब हे सिनेमे शाळा-कॉलेजांतून हद्दपार करा. शेवटी जोडलेले हात आणि तीन झेंडे.

क्रमाने जायला हवं खरं, पण संस्काराच्या मुद्द्याने माझं डोकं फिरलंय, तेव्हा तो आधी.

‘नवऱ्याच्या प्रेमाने शहाणी होते.’ हे ज्याने लिहिलं त्याने नाटकाचा चौथा अंक उघडलेला नाही, हे मी स्टँपपेपरवर लिहून द्यायला तयार आहे. तो नवरा, पेट्रुकिओ, इटलीतल्या पॅडुआ शहरात येतो तोच पैसेवाली बायको करायला. हे मी म्हणत नाही, तो स्वतःच्या तोंडाने सांगतो. तापट कॅथरिनाचा बाप वीस हजार क्राउन हुंडा आणि आपल्या पश्चात निम्मी जमीन कबूल करतो आणि सौदा पटतो. लग्नाच्या दिवशी हा नवरदेव उशिरा आणि जुनेपाने, विजोड कपडे घालून उगवतो, पंगतीला बसायच्या आत बायकोला उचलून गावी नेतो. तिथे ताट वाढलं जातं. मांस करपलंय म्हणून हा ते भिरकावून देतो. ती म्हणते, चांगलं तर होतं. उपाशीच राहते. मग अंथरूण नीट घातलं नाही म्हणून आरडाओरडा, म्हणजे झोपही नाही. आणि हे सगळं तिच्याच काळजीपोटी चाललंय असा आव. ती आत गेल्यावर हा प्रेक्षकांना आपली युक्ती समजावतो: शिकारी ससाण्याला माणसाळवताना उपाशी ठेवतात, डोळ्याला डोळा लागू देत नाहीत, तसंच हे. काल रात्री ती झोपली नाही, आजही झोपणार नाही.

पुढे एक प्रवेश आहे, तो मेसेजवाल्यांनी जरूर वाचावा. श्रीमंताघरची ही मुलगी भुकेने कासावीस होऊन नवऱ्याच्या नोकराकडे, ग्रूमिओकडे, काहीतरी खायला मागते. तो विचारतो, गाईचा पाया चालेल? चालेल. छे, पित्त होईल. मग वजडी? चालेल, आण. नको, तीही पित्तकर. बीफ आणि मोहरीची चटणी? हे तर तिच्या आवडीचं. पण मोहरी उष्ण हो! मग मोहरी राहू दे, बीफ दे. वा, मोहरीशिवाय बीफ मिळणार नाही. बरं बाबा, दोन्ही दे, एक दे, काय वाटेल ते दे. ‘मग मोहरी देतो, बीफ नको.’ इथे थिएटरात हशा येतो. नाटक लिहिलंच तसं आहे, हसू मलाही येतं आणि दुसऱ्या क्षणी ते घशात अडकतं. शेवटी नवरा भर दुपारच्या सूर्याला चंद्र म्हणतो आणि ती मान डोलावते, तेव्हा कुठे माहेरी जायला मिळतं. माहेरी नवरेमंडळींची पैज लागते, कुणाची बायको हाक मारल्याबरोबर येते, आणि ही येऊन इतर बायकांना चव्वेचाळीस ओळींचं भाषण देते की नवरा हा तुमचा धनी, त्याच्या पायाखाली हात ठेवा.

याला जो प्रेम म्हणतो त्याच्या घरात मुलगी देऊ नकोस, एवढंच मी ताईला म्हटलं.

आता ‘उद्धटपणा शिकवणारा’ सिनेमा. गोष्ट सिअ‍ॅटलमधल्या पॅडुआ हायस्कूलची. बापाचा नियम असा की मोठी कॅट एखाद्या मुलाबरोबर फिरायला गेली तरच धाकट्या बिआंकाला तशी मुभा. बाप बाळंतपणं करणारा डॉक्टर, त्यामुळे त्याच्या डोळ्यांसमोर सदा एकच भीती. धाकटीवर डोळा ठेवून असलेला एक पैसेवाला मुलगा पॅट्रिक नावाच्या मुलाला पैसे चारून कॅटला फिरवायला लावतो. म्हणजे सौदा मूळचाच आहे. गेलंय ते काय, तर उपासमार आणि जागरण. कॅटचं मन वळावं म्हणून पॅट्रिक स्वतःचं हसं करून घेतो, मैदानाच्या पायऱ्यांवर गाणं म्हणत शिपायांना हुलकावण्या देतो, आणि त्या चव्वेचाळीस ओळींच्या जागी येते वर्गात वाचलेली एक कविता. शिक्षकांनी शेक्सपिअरचं १४१वं सुनीत समोर ठेवून स्वतःचं काव्य लिहायला सांगितलेलं असतं. कॅट उभी राहते, त्या मुलाच्या कशाकशाचा राग येतो याची यादी वाचते, शेवटी रडते आणि वर्गाबाहेर निघून जाते. कुणाच्या पायाखाली हात नाही. आणि तिला हव्या त्या कॉलेजात जाऊ द्यायला बाप अखेर राजी होतो.

कॅट उद्धट आहे का? आहे की! मुद्दाम गाडी मागे घेऊन दुसऱ्याच्या गाडीवर आदळते. पण मूळच्या कॅथरिनाने संगीतशिक्षकाच्या डोक्यात वाद्य फोडलंय आणि धाकट्या बहिणीचे, म्हणजे बिआंकाचे, हात बांधून तिला मारलंय. उद्धटपणा शेक्सपिअरचाच आहे. सिनेमाने तो उपाशी मारून काढला नाही, एवढाच त्याचा गुन्हा. शिवाय त्या वर्गातले मॉर्गन सर काही कॅटला डोक्यावर घेत नाहीत. कृष्णवर्णीय शिक्षक आहेत ते. तू पालक-शिक्षक संघाकडे डब्यातल्या जेवणासाठी भांडशील, तेव्हा कृष्णवर्णीय लेखकाचं एखादं पुस्तक का घेत नाहीत हेही विचार, असं ते तिला सुनावतात. ज्याला हा सिनेमा बिनडोक वाटतो त्याने हा प्रवेश झोपेत पाहिला असावा.

आता एक गोष्ट कबूल करायला हवी, नाइलाजाने. पॅट्रिकने पैसे घेतलेत, आणि सिनेमा त्याला फार स्वस्तात सोडतो. त्याच पैशांतून तो तिला गिटार आणून देतो आणि प्रकरण मिटतं. शेक्सपिअर निदान सौदा शेवटपर्यंत सौदा म्हणून दाखवतो. शेवटी बाप खूश होऊन आणखी वीस हजार क्राउन देतो. शिवाय कॅट अशी का झाली याला सिनेमा एक सोयीचं कारण जोडतो: आई सोडून गेलेली, नववीत त्याच पैसेवाल्या मुलाबरोबर आलेला कडू अनुभव. मुलगी फटकळ असेल तर तिचं काहीतरी बिघडलेलं असणारच, हे गृहीत मला खटकतं. पण ही तक्रार मेसेजवाल्यांची नव्हे. त्यांना ती उपाशीच हवी आहे.

‘चारशे वर्षं जसंच्या तसं जपलं’ हे तर फारच झालं. बिआंकाच्या प्रियकरांचा अख्खा धागा शेक्सपिअरने जॉर्ज गॅस्कॉइनच्या ‘सपोजेस’ (१५६६) मधून उचललाय. ते इटलीतल्या आरिओस्तोच्या १५०९ सालच्या नाटकाचं भाषांतर. आरिओस्तो पुन्हा प्रस्तावनेत सांगतो की आपण रोमन नाटककार प्लॉटस आणि टेरेन्सकडून घेतलंय. तेव्हा मूळ मूळ म्हणून जे काय चाललंय ते नक्की कुठून मोजायचं? आणि ही सारी गोष्ट म्हणजे क्रिस्टोफर स्लाय नावाच्या दारुड्याची गंमत करायला त्याच्यासमोर लावलेला खेळ आहे, नाटकातलं नाटक. बहुतेक प्रयोगांत तो स्लायच कापून टाकतात. १७५४ मध्ये इंग्रज नट डेव्हिड गॅरिकने नाटक छाटून तीन अंकांचं ‘कॅथरिन अँड पेट्रुकिओ’ केलं, आणि पुढे जवळपास नव्वद वर्षं इंग्लंडच्या रंगमंचावर लोकांनी ‘श्रू’ म्हणून तेच पाहिलं. पुरं नाटक लंडनला पुन्हा लागलं ते १८४४ मध्ये.

पण सगळ्यात भारी माणूस जॉन फ्लेचर. शेक्सपिअरच्याच नाटक कंपनीसाठी लिहिणारा, त्याच्याबरोबर ‘हेन्री द एट्थ’ लिहिणारा, त्याच्यामागून कंपनीचा मुख्य नाटककार झालेला. शेक्सपिअर हयात असतानाच, १६११ च्या सुमारास, याने ‘श्रू’ला उत्तर लिहिलं: ‘द वुमन्स प्राइझ, ऑर द टेमर टेम्ड’. कॅथरिना मेलेली आहे. पेट्रुकिओ मारिआशी दुसरं लग्न करतो. लग्नाच्या रात्रीच मारिआ वरच्या मजल्यावर स्वतःला कोंडून घेते, गावातल्या बायका तिच्या बाजूने मोर्चेबांधणी करतात आणि माणसाळवणाऱ्यालाच माणसाळवलं जातं. म्हणजे ‘ही बाई उपाशी का?’ हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो शेक्सपिअरच्याच सहकाऱ्याने. १९९९ सालच्या पटकथाकार कॅरन मकला आणि कर्स्टन स्मिथ या रांगेत बऱ्याच मागून आल्या.

‘शीज द मॅन’ (२००६) ने भेद पुसला म्हणे. सिनेमात व्हायोला नावाची मुलगी फुटबॉल खेळायला मिळावा म्हणून जुळ्या भावाच्या नावाने त्याच्या शाळेत शिरते. मूळ ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये व्हायोला पुरुषवेशात सरदाराकडे नोकरी धरते, तिच्यावर ऑलिव्हिया भाळते, आणि सरदारालाही या ‘मुला’चा लळा लागतो. १६०२ साली लंडनच्या मिडल टेंपल या वकिलांच्या संस्थेत हे नाटक झालं तेव्हा व्हायोलाचं काम एक मुलगाच करत होता, कारण इंग्लंडच्या व्यावसायिक रंगमंचावर बायका नव्हत्याच. मुलगा झालेला मुलगी, ती झालेली मुलगा! आणि पडदा पडेपर्यंत ती पुरुषवेशातच असते, सरदार तिला पुरुषी नावानेच हाक मारतो. सिनेमा शेवटी तिला गाऊन घालून समारंभात उभी करतो. तेव्हा दोघांत सोवळं कोण, हे मेसेजवाल्यांनीच ठरवावं. बालगंधर्वांच्या शालूवर पिढ्यान्‌पिढ्या जीव टाकलेल्या महाराष्ट्रात हा मुद्दा कुणी गंभीरपणे मांडतं याचंच नवल वाटतं.

‘क्लूलेस’चा शेक्सपिअरशी संबंध नाही. ती जेन ऑस्टिनची ‘एमा’, कादंबरी. पुढे.

मुलं वाचत नाहीत हे खरं. हे सिनेमे यायच्या आधीही वाचत नव्हती, गाइड वाचत होती. उलट ‘टेन थिंग्ज’मधला कॅमरन बिआंकाला पाहून ‘आय बर्न, आय पाइन, आय पेरिश’ म्हणतो ती ओळ शब्दशः नाटकातली आहे, हे शोधायला माझ्या भाचीने पहिल्यांदा आपणहून नाटकाचं पुस्तक उघडलं.

राहिली मराठी रंगभूमी, जिने म्हणे कधी खेळ केला नाही. अहो, हेच नाटक! वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचं ‘त्राटिका’ केलं, पेट्रुकिओचा प्रतापराव झाला, आणि शाहूनगरवासी मंडळीत गणपतराव जोशींनी तो गाजवला. समोर त्राटिका म्हणून बळवंतराव जोग, म्हणजे पुन्हा पुरुषच. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चं ‘विकारविलसित’ केलं, देवलांनी ‘ऑथेल्लो’चा ‘झुंझारराव’. आणि १९७५ साली पु. लं.नी बर्नार्ड शॉच्या ‘पिग्मॅलियन’ची ‘ती फुलराणी’ केली. भक्ती बर्वेंचं ते स्वगत ज्या काकांना आजही तोंडपाठ आहे, त्याच काकांनी हा मेसेज आमच्या ग्रुपवर टाकला होता.

‘पिग्मॅलियन’वरून आठवलं: त्याचा शाळकरी अवतार म्हणजे ‘शीज ऑल दॅट’, तोही १९९९चाच. त्यावर मात्र मी वकिली करणार नाही. मुलीचा चष्मा काढला, केस कापले, तिला लाल ड्रेसमध्ये जिना उतरवला की झालं परिवर्तन. शॉची एलायझा भाषा शिकते, कान तयार करते आणि शिकवणाऱ्याला ऐकवते. पण इथेही गोड शेवटाचं खापर एकट्या हॉलिवूडवर फोडता येत नाही. १९१४ साली लंडनच्या पहिल्याच प्रयोगमालिकेत शिकवणारा हिगिन्स झालेल्या बीरबोम ट्री या नटाने शेवटी एलायझाकडे फुलं फेकून प्रेमाचा इशारा दिला होता आणि शॉ भडकला होता. १९१६ मध्ये त्याने लांबलचक उत्तरकथा छापून सांगितलं की एलायझा हिगिन्सशी नव्हे, फ्रेडी नावाच्या दुसऱ्याच तरुणाशी लग्न करते. कुणी ऐकलं नाही.

आता ती हद्दपारीची मागणी. तीही जुनीच. १६३३ च्या ऑक्टोबरात सर हेन्री हर्बर्ट या दरबारी अधिकाऱ्याने, म्हणजे तेव्हाच्या सेन्सॉरने, फ्लेचरच्या ‘टेमर टेम्ड’चा प्रयोग ऐनवेळी थांबवला. कारण अश्लील, शिवराळ भाषा. संहिता मागवून घेतली, कात्री चालवली, परत दिली. पुढच्याच महिन्यात त्याच कंपनीने राजा चार्ल्स आणि राणीपुढे दोन्ही नाटकं केली, आणि हर्बर्टने आपल्या वहीत दोन्हींची नोंद ठेवली. २६ नोव्हेंबरला शेक्सपिअरचं ‘श्रू’. शेरा: आवडलं. २८ नोव्हेंबरला फ्लेचरचं उत्तर. शेरा: फारच आवडलं.