नमनालाच आठ भाग

परवा जेवताना आईने सहज विचारलं, "अरे, त्या टकल्या पोरीच्या मालिकेचं पुढे काय झालं?"

म्हणजे नेटफ्लिक्सवरची 'स्ट्रेंजर थिंग्ज'. २०१६ साली मी पहिला सीझन बघत होतो तेव्हा आई शेजारी मेथी निवडत बसायची आणि मी तिला गोष्ट सांगायचो. तिला त्यातली ती टकली पोरगी, इलेव्हन, लक्षात राहिली होती.

"संपली आई. आणि त्या पोरीचं लग्नही झालं."

"मालिकेत?"

"नाही गं, खरोखरचं. २०२४ मध्ये."

आई हसली आणि माझं डोकं फिरलं, कारण यात हसण्यासारखं काही नाही. मालिकेतली मुख्य गोष्ट १९८३ च्या नोव्हेंबरात सुरू होते आणि १९८७ मध्ये संपते. चार वर्षांची गोष्ट. ती सांगायला यांनी साडेनऊ वर्षं घेतली. सुरुवातीला बारा वर्षांची असलेली मुलगी शेवटच्या सीझनला विवाहित बाई होती. बाकीची पोरंही विशीच्या पार गेलेली. ती सायकलींवरून शाळेत निघाली की वाटायचं, यांच्या पाठीवरची दप्तरं काढा आणि हातात होम लोनची फाइल द्या.

चौथा सीझन २०२२ च्या मे-जुलैमध्ये आला, पाचवा २०२५ च्या नोव्हेंबरात. साडेतीन वर्षं थांबवून काय दिलं? आठ भाग. तेही एकदम नाहीत. चार आता घ्या, तीन नाताळात घ्या, शेवटचा नवीन वर्षाला. रेशनच्या दुकानात साखर मिळायची तसं. मी १ जानेवारीला सकाळी साडेसहाला उठून, बायकोच्या शिव्या खात, चहाचा कप घेऊन दोन तासांचा शेवट पाहिला. तो कसा वाटला यावर मी बोलणार नाही. इतकं थांबल्यावर तो चांगला वाटावा म्हणून मी स्वतःचीच समजूत घालत होतो, एवढं सांगतो.

आईला हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "आठच भाग? आमच्याकडे आठ भागांत नुसती हळद लागते."

मी गप्प. वीस वर्षं या बाईच्या मालिकांची टिंगल केली आहे मी. एका थोबाडीत तीन कॅमेरे, एका धक्क्याला सात चेहरे, सगळं करून दाखवलंय. पण तिची सून रोज संध्याकाळी ठरलेल्या वेळेला येते हो! आजारी पडली तर बदली सून येते. आणि आईला कधी 'मागील भागात' शोधत बसावं लागत नाही, कारण मागील भाग कालच झालेला असतो.

माझा खरा राग मात्र दुसरीकडे आहे. 'हाऊस ऑफ द ड्रॅगन', 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या आधीची गोष्ट सांगणारी मालिका. पहिला सीझन २०२२ चा, दहा भाग, मस्त. त्या सातव्या भागातला अंधार सोडून. ऐन दिवसा शूट करून रात्र केलेली, खिडक्यांचे पडदे ओढून, मोबाइलचा उजेड झाकून बसलो तरी पडद्यावर मला फक्त माझंच तोंड दिसत होतं. लोकांनी ओरडा केला तर उत्तर मिळालं की हा जाणीवपूर्वक घेतलेला सर्जनशील निर्णय आहे. असे निर्णय आमच्याकडे महावितरणही घेतं. असो. त्या सीझनच्या शेवटी एक राजपुत्र आकाशात मारला जातो, त्याची आई रेनिरा वळून बघते, आता युद्ध. बस्स! दोन वर्षं मी त्या एका नजरेवर काढली.

२०२४ च्या जूनमध्ये दुसरा सीझन आला. दहाचे आठ झालेले. दर सोमवारी सकाळी ऑफिसला जायच्या आधी बघायचो, कारण दुपारी डब्याच्या वेळी कोणीतरी गोष्ट फोडतंच. चौथ्या भागात तीन ड्रॅगन भिडले तेव्हा वाटलं, सुटलो. नाही. त्याच राजघराण्यातला डेमन हॅरेनहॉलच्या पडक्या किल्ल्यात शिरला तो शिरलाच. आठवडेच्या आठवडे त्याला स्वप्नं पडतायत. ह्याला मारलं, तिला मिठी मारली, दचकून जागा झाला. पुढच्या सोमवारी परत तेच. आमच्या चाळीत एक काका होते, दुपारी झोपून उठले की तासभर त्यांना कळायचं नाही सकाळ आहे की संध्याकाळ; पण त्यांच्याकडून कोणी महिन्याचे पैसे घेत नव्हतं.

आणि तो आठवा भाग! सैन्यं निघाली, जहाजं निघाली, ड्रॅगन उडाले, संगीत चढलं, माझा चहा गार झाला, मी पुढे सरकून बसलो आणि नावं सुरू झाली. श्रेयनामावली! नाटकाला जावं, तिसरी घंटा व्हावी, दिवे मंद व्हावेत, पडदा हलावा, आणि व्यवस्थापकाने पुढे येऊन सांगावं की उरलेला प्रयोग दोन वर्षांनी, तिकिटं जपून ठेवा. शिवाजी मंदिरला असं केलं असतं तर प्रेक्षकांनी खुर्च्या उचलल्या असत्या. इथे आम्ही काय उचलणार, रिमोट?

यावर लगेच कोणीतरी शहाणा सांगतो की संप होता ना. होता. २०२३ मध्ये हॉलिवूडचे लेखक मे ते सप्टेंबर संपावर होते, नटनट्या जुलै ते नोव्हेंबर. त्यांच्या मागण्या रास्त होत्या, माझा त्यांना पाठिंबा आहे, मुंबईचा माणूस संपाला नावं ठेवत नाही. पण ड्रॅगनवाल्यांचं शूटिंग ब्रिटनमध्ये होतं आणि ते त्या संपातही चालू होतं. आणि दहाचे आठ करायचं तर संपाच्या आधीच ठरलं होतं. तेव्हा संपाचं नाव पुढे करू नका.

दुसरा शहाणा म्हणतो, दर्जा हवा तर वेळ लागणारच. अरे, मूळ 'गेम ऑफ थ्रोन्स' २०११ पासून २०१६ पर्यंत दरवर्षी दहा भाग देत होती. दरवर्षी! तेव्हा ड्रॅगन नव्हते? बर्फातली भुतं नव्हती? उलट जेव्हा त्यांनी सावकाशीने करायला घेतलं, २०१७ मध्ये सात भाग, मग एक अख्खं वर्ष काही नाही, मग २०१९ मध्ये सहा, तेव्हाच माती खाल्ली. 'डेअरडेव्हिल' ही सुपरहिरोची मालिका २०१५ ला आली तेव्हा सीझनला तेरा भाग असायचे. तेरा! त्यात एखादा भाग नुसता दोन माणसं एका खोलीत बोलतायत असा जायचा आणि तोच लक्षात राहायचा. त्यातला खलनायक फिस्क अंडं कसं तळतो हे मला अजून आठवतं. गेल्या तीन वर्षांतल्या निम्म्या सुपरहिरोंची नावंही आठवत नाहीत.

कारण ते सहा भागांचे झाले ना. 'सीक्रेट इन्व्हेजन' सहा, 'मून नाइट' सहा, 'मिस मार्व्हल' सहा. हा म्हणे सहा तासांचा सिनेमा. सिनेमा करायचा तर सिनेमा करा की! पहिल्या भागात ओळखपाळख, मधले चार भाग नायक सोफ्यावर बसून आपलं बालपण आठवतो, सहाव्या भागात निळा किरण आकाशात. 'मिस मार्व्हल'मधली ती पोरगी, तिचं घर, तिची आई, किती गोड जमून आलं होतं. त्या घरात मी वीस भाग राहिलो असतो. पण नाही, हिला घाईघाईने कराचीला न्या, फाळणी उरका, परत आणा.

कार्टूनवाल्यांना मी जरा माफ करतो. 'आर्केन'च्या दोन सीझनमध्ये तीन वर्षं गेली, पण पॅरिसच्या त्या लोकांनी एकेक चौकट रंगवल्यासारखी केली आहे हे डोळ्यांना दिसतं. दुसऱ्या सीझनचे नऊ भाग मात्र अठरा भागांचा ऐवज कोंबल्यासारखे आहेत. दिवाळीत लोकलच्या डब्यात शेवटी चढणारा माणूस जसा दारात अर्धा बाहेर असतो तशी अर्धी पात्रं बाहेर लटकतायत. 'इन्व्हिन्सिबल'ने तर कमाल केली. पहिला सीझन २०२१ चा. अडीच वर्षांनी दुसरा सुरू केला, नोव्हेंबरात चार भाग दिले आणि म्हणाले, मध्यंतर. किती? मार्चपर्यंत! चार महिन्यांच्या मध्यंतरात बटाटेवडे खाऊन माणूस मरेल. आणि एवढं करून काही प्रसंगांत लांबची माणसं पुठ्ठ्याच्या कटआउटसारखी स्तब्ध उभी. १९९२ ची बॅटमॅनची कार्टून मालिका आठवा, तीन वर्षांत पंच्याऐंशी भाग. 'अवतार', तो हवा-पाणी-माती-आगवाला, २००५ ते २००८, एकसष्ट भाग आणि गोष्ट पूर्ण. एखादा धागा सोडला तर काही लोंबकळत नाही.

जमतं हे, हेच तर दुखणं आहे. 'एक्स-मेन ९७' ही कार्टून मालिका घ्या. २०२४ मध्ये दहा भाग, पहिल्या दिवशी दोन, मग दर बुधवारी एक, अर्ध्या तासाचा. जेनोशा बेटावर हल्ला होतो तो पाचवा भाग पाहून मी भांडी घासत रडलो आहे, चाळिशीचा घोडा. बॅटमॅनच्या शत्रूवरच्या 'पेंग्विन'चेही आठच भाग, पण एकही फुकट नाही आणि शेवटी शेवट आहे. आठ आकड्याशी माझं वैर नाही हो. आठ भागांत नमन, आणि मुख्य कीर्तनाला पुढच्या अधिक महिन्यात या, याच्याशी आहे.

सगळ्यात वाईट म्हणजे थांबूनही गोष्ट पुरी मिळेल याची हमी नाही. 'व्हील ऑफ टाइम'. चौदा जाडजूड पुस्तकांचा ऐवज. २०२१ ला आली, पहिला सीझन ढिसाळ, दुसरा बरा, २०२५ मधला तिसरा खरोखर छान. नायक रँड वाळवंटातल्या त्या खांबांमधून पूर्वजांचं आयुष्य जगत मागे मागे जातो, तो भाग मी दोनदा पाहिला. तिसरा सीझन एप्रिलमध्ये संपला, मे महिन्यात मालिका बंद. पोरगं नापास होत होतं तोवर फी भरली आणि पहिलं आलं त्या दिवशी शाळेतून काढलं!

आता ड्रॅगनचा तिसरा सीझन यायचा म्हणून मी उजळणी करायला बसलो आणि लक्षात आलं, मला काहीही आठवत नाही. रेनिरा, रेनीस, रेना, बेला, हेलेना; एगॉन दोन, शिवाय एमॉन्ड. यातली कोण कोणाची मुलगी? २०२४ मध्ये मी कॅलेंडरच्या जून महिन्याच्या पानामागे यांची वंशावळ काढून ठेवली होती, निळ्या पेनाने जिवंत, लाल पेनाने मेलेले. ते पान शोधायला अख्खं कपाट उपसलं. शेवटी आईला विचारलं.

"ते होय? डाळीच्या डब्याखाली घातलंय."

काढलं. रेनिराच्या डोक्यावर तेलाचा गोल डाग, अर्धे लाल-निळे एकमेकांत मिसळलेले. आई चष्मा लावून वाचायला लागली.

"हा डेमन इथे काका लिहिलाय आणि इथे नवरा. चुकलास का?"

"नाही. दोन्ही आहे."

तिने पान घडी घालून परत डब्याखाली सरकवलं.