‘लीव्ह’ म्हणजे ‘जीव’ नव्हे

बाबांनी तो मेसेज वहीत उतरवून घेतलाय. रविवारी ज्येष्ठ नागरिक संघात वाचणार आहेत, म्हणून आजच लिहायला बसले. मेसेज म्हणतो: नॉर्वेचा ‘फ्रीलुफ्त्सलीव्ह’ हा व्हायकिंगांचा प्राचीन शब्द, तो नॉर्वेचा नाटककार इब्सेन याने घडवला, आणि मुळात तो संस्कृत; फ्री म्हणजे प्रिय, लीव्ह म्हणजे जीव.

व्हायकिंगांचा काळ अकराव्या शतकात संपला, इब्सेन जन्मला 1828 साली. दोन्ही खरं कसं असेल?

आधी विग्रह. फ्री (मोकळी) आणि लुफ्त (हवा) मिळून फ्रीलुफ्त. मग ‘स’ जोडून लीव्ह, म्हणजे जगणं. पहिलं पद सामासिक असलं की नॉर्वेजियनमध्ये बऱ्याचदा हा ‘स’ येतो. वाइनचा ग्लास तो व्हीनग्लास, रेड वाइनचा मात्र रोव्हीन्सग्लास. ‘बूकमोल्सऊर्बूका’ हा तिथला प्रमाण कोश फ्री आणि लुफ्त हे दोन्ही शब्द लो जर्मनमधून आल्याचं सांगतो. नॉर्वेतल्या बर्गेन बंदरात ठाण मांडलेल्या हान्सा या जर्मन व्यापारी संघाच्या लोकांची ती भाषा. व्हायकिंग ‘मोकळा’ला ‘फ्र्याल्स’ म्हणत.

इब्सेनचं अर्धं मान्य. 1859-60 च्या ‘पो व्हिद्दर्ने’ या त्याच्या कवितेत हा शब्द आहे. तो त्यानेच घडवला, हे त्यावरून ठरत नाही.

मला खरा राग आला तो ‘जीव’वर. कानाला सारखं लागलं म्हणून नातं जुळत नाही. ध्वनी नियमाने बदलतात. संस्कृतातल्या ‘प’च्या जागी तिकडे ‘फ’ येतो: पशू तो ‘फे’, पाद तो ‘फूत’. म्हणून प्रिय आणि फ्री यांचा पूर्वज एकच, हे खरंच. पण ती चुलत भावंडं आहेत, संस्कृत त्यांची आई नव्हे. ‘जीव’चा नातलग तिकडे आहे ‘क्व्हिक्क’, व्हायकिंगांच्या भाषेत, म्हणजे जुन्या नॉर्समध्ये, त्याचा अर्थ जिवंत. पाऱ्याला ते आजही ‘क्व्हिक्सोल्व’ म्हणतात: जिवंत चांदी. हातावर पारा पळताना पाहिलाय त्याला हे सांगायला नको.

आणि ‘लीव्ह’? त्याचं मूळ चिकटण्याचं. चिकटून राहणं, टिकणं, मग जगणं. त्याच मुळापासून संस्कृत ‘लिम्पति’, आणि आपलं लिंपणं. आजी शेणमातीने चूल लिंपायची, तेच. इतकं खरं, इतकं घरचं नातं हाताशी असताना कुणीतरी खोटं रचून पाठवतं आणि माणसं ते वहीत उतरवतात!

बाबांनी ‘जीव’ खोडलंय. वर ‘लिंपणे’ लिहिलंय.