लॉकरमधील ऐवजाला ‘५ लाखांचा विमा’ नाही

‘बँकेच्या लॉकरमधील सोने, महागडी घड्याळे ५ लाखांपर्यंत आपोआप विम्यात येतात’ हा कापसाच्या चुकाऱ्यांच्या दिवसांत यवतमाळकडील गावांत फिरणारा संदेश चुकीचा आहे. ते संरक्षण फक्त ठेवींना आहे. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यांमुळे नुकसान झाल्यास बँकेचे दायित्व लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पटींइतके असते. म्हणजे भाडे २,००० रुपये असल्यास २ लाख, मग आत आजीची एकदाणी असो वा जावयाचे (बहुधा सासऱ्यानेच दिलेले) घड्याळ. पूर किंवा वीज पडून झालेल्या हानीत, बँकेची हयगय नसल्यास, तेवढेही मिळत नाही. ऐवजाचा विमा ग्राहकाने स्वतंत्रपणे उतरवावा लागतो आणि त्यासाठी पावत्या व मूल्यांकनाचा दाखला जपून ठेवावा.