150 मिनिटं, पण कोणाच्या सोबतीनं?
कॅन्सरच्या उपचारांनंतर आठवड्याला 150 मिनिटं व्यायाम करावा, असं एका लेखात वाचलं. ते वाक्य बरोबरच आहे. पण उपचार नुकतेच संपलेल्याला ते धडकी भरवतं. शेवटच्या केमोनंतर जिन्याच्या सहा पायऱ्या चढले की मी कठडा धरून उभी राहायचे. झोपूनही न जाणारा तो थकवा म्हणजे आळस नव्हे. मी पाच मिनिटांपासून सुरुवात केली, तळपाय बधिर म्हणून बंद बूट घालूनच.

सोबतीचा मुद्दा मात्र लेखात हवाच होता. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवरच्या 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत व्यायामाच्या गटातले सुमारे 80 टक्के रुग्ण पाच वर्षांनी कॅन्सरमुक्त होते, नुसती माहितीपुस्तिका मिळालेल्यांतले 74. पण त्या व्यायामाच्या गटाला तीन वर्षं मार्गदर्शक होता! मला डिस्चार्जच्या कागदावर एकच ओळ मिळाली: 'व्यायाम करा'.