जळगाव केंद्रावरची माणसं ‘नुसतं बटण दाबत’ नव्हती

आकाशवाणीच्या जळगाव केंद्राबद्दलचा एक मजकूर सध्या खान्देशात फोनाफोनी फिरतो आहे. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: हे केंद्र म्हणजे मुंबई-दिल्लीचा आवाज पुढे ढकलणारा खांब होता. सुरुवातीच्या माणसांना काम असं नव्हतंच. बटण दाबायचं, तबकडी लावायची, सरकारी पगार घ्यायचा. आपल्या बोलीला तिथे जागा नव्हती, आणि म्हणूनच त्या लोकांचं आज काही शिल्लक नाही.

मी या केंद्राचा आवाज ऐकत वाढलो. वाचून वाईट वाटलं, म्हणून एकेका मुद्द्याचं उत्तर देतो.

आधी ते बटण. बातम्या बाहेरून सहक्षेपित होत, म्हणजे दुसऱ्या केंद्राचा आवाज घेऊन इथून पुढे जात, हे खरं. प्रादेशिक मराठी बातम्या मुंबई-पुण्याच्या, हिंदी-इंग्रजी दिल्लीच्या. पण उपग्रहाची सोय होण्याआधी दूरच्या केंद्राचा आवाज लघुलहरींवर रिसीव्हरने पकडावा लागे, नाहीतर टेलिफोन खात्याच्या तारेवरून घ्यावा लागे. हवा बिघडली की आवाज विरायचा, खरखर वाढायची. अशा वेळी निवेदकाने फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची कळ, खाली घ्यायचा, दिलगिरी सांगायची आणि हाताशी काढून ठेवलेलं वाद्यसंगीत सुरू करायचं. हे सगळं काही सेकंदांत. बातम्यांची वेळ तर कुणासाठी थांबत नाही. भावगीत कितीही रंगात आलेलं असो, त्या ठोक्याला ते मिटवून बातम्यांना जोड द्यायचा, आणि ऐकणाऱ्याला ते तोडल्यासारखंही वाटता कामा नये. हे ज्याला सोपं वाटतं त्याने एकदा घड्याळ समोर ठेवून करून पाहावं.

या मजकुरात प्रक्षेपकावरच्या, म्हणजे कार्यक्रम हवेत सोडणाऱ्या यंत्रावरच्या, माणसांचा तर उल्लेखही नाही. ‘मध्यम लहरी 311.5 मीटर, अर्थात 963 किलोहर्ट्झ’ हे शब्द आपल्याला पाठ आहेत, पण त्या 20 किलोवॉटच्या यंत्रामागे पाळ्यांनी बसणारे अभियंते आणि तंत्रज्ञ कुणाला आठवत नाहीत. जुन्या व्हॉल्व्हच्या प्रक्षेपकाला थेट कळ दाबून चालत नसे. आधी व्हॉल्व्हमधली तार, म्हणजे फिलामेंट, तापवायचं, मग उच्च दाब द्यायचा, मीटरचे आकडे नोंदवहीत लिहायचे. पहिली सभा, म्हणजे दिवसाचं पहिलं प्रसारण, भल्या पहाटे सुरू व्हायची म्हणजे ही माणसं त्याआधीच कामाला लागलेली असत. मेच्या जळगावात, मोठी यंत्रं तापलेली असताना तिथे पाळी करणं म्हणजे काय, हे खान्देशातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

‘सरकारी पगार’ हा मुद्दा निम्म्या लोकांना लागूच पडत नाही. ड्यूटी ऑफिसर, कार्यक्रम अधिकारी नोकरीत होते. पण आपण ज्यांना आवाजावरून ओळखायचो त्यांतले कितीतरी नैमित्तिक निवेदक होते. त्यांना महिन्याला मोजक्या पाळ्या आणि पाळीमागे ठरलेलं मानधन मिळे. पोटापाण्याचं काम दुसरं काहीतरी असायचं.

आता बोलीचा मुद्दा, जो मला सर्वांत जास्त लागला. बातम्या आणि औपचारिक उद्घोषणा प्रमाण मराठीत होत, हे मान्य. आमच्या आजीला त्या परक्या वाटत, हेही मान्य. पण अहिराणी कविता आणि लोकगीतं याच केंद्रावरून गेली. बहिणाबाईंच्या मुलखात बोलीला दार बंद ठेवून केंद्र चाललंच नसतं. शेतीच्या कार्यक्रमात तर बोलीवाचून गत्यंतरच नव्हतं. रावेर-यावलच्या केळीवाल्याला ‘कमी तापमानामुळे होणारी इजा’ सांगून काय कळणार? त्याला ‘चरका’ म्हटलं की लगेच कळतं. केळी ‘निसवली’ का, म्हणजे घड बाहेर पडला का, घड किती फण्यांचा, हे त्याच्याच शब्दांत विचारावं लागतं. कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञाचं बोलणं या शब्दांत उतरवणं हे त्या कार्यक्रमांतल्या माणसांचं खरं कसब होतं, आणि माझ्या मते केंद्राचं सर्वांत मोलाचं काम तेच.

राहिला शेवटचा आरोप, काही शिल्लक नसल्याचा. स्पूल टेप महाग होती. कार्यक्रम प्रसारित झाला की तीच टेप पुसून पुढच्या ध्वनिमुद्रणासाठी वापरायची, ही रेडिओवरची नेहमीची रीत. जपायचं तेवढं वेगळं काढत, बाकीचं पुसलं जाई. थेट माइकवर बोललेलं तर मुळातच कुठे नोंदलं जात नसे. ब्लेडने टेप कापून, चिकटपट्टीने जोडून बसवलेली अर्ध्या तासाची श्रुतिका एकदा वाजायची आणि पुढे त्याच टेपवर दुसरंच काही यायचं. तेव्हा काही शिल्लक नाही यावरून काही केलंच नाही असं म्हणता येत नाही.

तरी थोडं घरांत उरलेलं असणार. त्या काळी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून लोक आपल्या माणसाचा कार्यक्रम भरून घेत. आमच्याकडे अशा दोन कॅसेट आहेत. एकीवर आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, गाणी आहेत आणि मध्येच दारात कुणीतरी हाक मारल्याचा आवाज. तुमच्या माळ्यावर अशी कॅसेट असेल तर लगेच यंत्रात घालू नका. आधी फितीवर पांढरी बुरशी आहे का ते बघा. असेल तर जाणकाराकडून साफ करून घ्या, आणि मगच ती संगणकावर उतरवा.