आजीचे घमेले आणि मंडईमागचे टाळे

आज सकाळी भाजी आणायला मंडईत गेले होते. मंडईच्या मागे आमच्या नगरपालिकेचा ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस तयार करणारा प्रकल्प आहे, म्हणजे होता. गेली दोन वर्षे त्याच्या फाटकाला टाळे आहे आणि गॅसच्या टाकीच्या बुडाशी पिंपळाचे रोप चांगले कमरेइतके वाढले आहे. त्याच फाटकावर, बरोबर टाळ्याच्या वर, आज एक कोरा करकरीत फ्लेक्स लावलेला दिसला: सेंद्रिय कचऱ्यापासून ऊर्जानिर्मितीच्या ‘नावीन्यपूर्ण’ प्रकल्पासाठी निधी मंजूर, आणि खाली अभिनंदन करणाऱ्यांचे दहा-बारा चेहरे. बंद पडलेल्या प्रकल्पाचे फाटक नव्या प्रकल्पाच्या फ्लेक्सच्या दोऱ्या बांधायला उपयोगी पडले, एवढे तरी त्याच्या पदरात टाकले पाहिजे.

भाजीची पिशवी ओट्यावर तशीच पडली आहे आणि मी हे लिहायला बसले आहे.

वाळवा तालुक्यातल्या आमच्या घराच्या परसात आजोबांनी 1984 साली गोबरगॅस बांधला. शासनाचे अनुदान मिळाले म्हणूनच बांधला, नाहीतर ते एक पैसा घालणाऱ्यांतले नव्हते. जमिनीत विटांची विहीर आणि तिच्यावर तरंगणारी लोखंडी टाकी, असा तो खादी आयोगाच्या पद्धतीचा सांगाडा. दोन म्हशी, दोन बैल आणि एक गाय एवढ्यांचे शेण रोज सकाळी आजी घमेल्याने त्या छोट्या हौदात टाकायची, जेवढे शेण तेवढेच पाणी ओतायची, कोपरापर्यंत हात घालून गुठळ्या फोडायची, त्यातली काडी-कुटकी आणि खडे वेचून बाहेर फेकायची आणि मगच शेणकाला आत सोडायची. थंडीत गॅस कमी पडू लागला की पाणी कोमट करून घ्यायची. गोठा धुताना कोणी फिनेल वापरले, तर त्या दिवशी त्याची खैर नसे, कारण ते पाणी विहिरीत गेले तर आतले जिवाणू मरतात हे तिला पक्के ठाऊक होते. जिवाणू हा शब्द तिला माहीत नव्हता, ती म्हणायची, “आतलं विरजण मरतंय.”

एका वर्षी ती वारीला गेली आणि घरातल्या बाकीच्यांनी, म्हणजे आम्हीच, आळस केला. ती परत आली तेव्हा टाकी पार खाली बसली होती आणि शेगडीवर ज्योत धरत नव्हती. यंत्र तेच होते, जनावरे तीच होती, अनुदान कधीच मिळून गेले होते. फक्त घमेले उचलणारा हात पंधरा-वीस दिवस घरी नव्हता.

मी बँकेत एकतीस वर्षे नोकरी केली, त्यातली बरीच कर्जविभागात. कोणी साधी पिठाची गिरणी काढायला आला तरी आम्ही त्याला विचारायचो की यंत्र घ्यायला मुदत कर्ज मिळेल, पण वीजबिल, कामगाराचा पगार आणि पाती बदलायचा खर्च यांसाठी खेळते भांडवल कुठून आणणार? उत्तर नसेल तर अर्ज परत जायचा. सेंद्रिय कचऱ्यापासून ऊर्जा काढण्यासाठी सार्वजनिक पैसा खर्च होतो तेव्हा हा गिरणीवाल्याला विचारला जाणारा प्रश्न कोणीच का विचारत नाही? यंत्राला पैसे, शेडला पैसे, कोनशिलेला पैसे, आणि चालवायला काही नाही. असलेच तर वर्षा-दोन वर्षांच्या देखभालीचे, आणि ती मुदत संपली की ठेकेदारही संपला.

आणि त्या ‘नावीन्यपूर्ण’ शब्दाचा तर मला आता संताप येतो. माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत मैल्यापासून गॅस काढण्याचा प्रयोग एकोणिसाव्या शतकात झाला होता. देहूच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून आलेल्या सुहास मापुस्करांनी संडासाला जोडलेल्या बायोगॅस संयंत्रांसाठी आयुष्य वेचले आणि त्यांना 2017 साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ या संस्थेने शेणाऐवजी उरलेले अन्न, पीठ, खराब झालेले धान्य यांवर चालणारे घरगुती संयंत्र बनवले आणि त्याला 2006 साली इंग्लंडमधला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ उभे केले, त्यात कचरा आधी गरम पाण्यात हवेच्या सान्निध्यात कुजवतात आणि मग हवाबंद टाकीत सोडतात. हे सगळे इथलेच. कचऱ्याचा गॅस कसा करायचा हे आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. नव्याने शोधायचेच असेल तर पाचव्या वर्षी रविवारी सकाळी कचरा बारीक करणाऱ्या क्रशरपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाचा पगार कोणत्या लेखाशीर्षातून द्यायचा, एवढे शोधावे.

केंद्राच्या योजना काही कमी नाहीत. 1981-82 मध्ये राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला. आजोबांचे अनुदान त्याच लाटेतले. 2018 साली ‘गोबरधन’ आली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘सतत’ आली, जिच्यात 2023 पर्यंत दाबित जैववायूच्या, म्हणजे शुद्ध करून दाबलेल्या बायोगॅसच्या, पाच हजार प्रकल्पांचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षातला आकडा त्याच्या आसपासही फिरकला नाही. 2022 साली राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रम जाहीर झाला, पहिल्या टप्प्याला 858 कोटी रुपये. ‘सतत’मध्ये तेल कंपन्यांनी तयार गॅस ठरलेल्या दराने, सुरुवातीला 46 रुपये किलोने, विकत घेण्याची हमी होती, आणि तो विचार योग्य होता, हे मी मान्य करते. पण तो गॅस शुद्ध करून, दाबून, वाहनात भरण्याजोगा करणाऱ्या मोठ्या कारखान्यांसाठी होता. मंडईमागच्या पाच टनांच्या प्रकल्पाला ती हमी काय कामाची?

इंदूरचे उदाहरण कोणीतरी देईलच, म्हणून मीच देते. 2022 च्या फेब्रुवारीत तिथे रोज 550 टन ओला कचरा घेऊन सुमारे 17 हजार किलो सीएनजी देऊ शकेल एवढ्या क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. त्यातले यंत्र मला फारसे महत्त्वाचे वाटत नाही. निदान निम्मा गॅस महापालिकेने स्वतःच्या शहर बससाठी विकत घ्यायचा, हे आधीच ठरले होते, आणि कचरा घरातूनच वेगळा होऊन येत होता, हे मला महत्त्वाचे वाटते. म्हणजे घमेले उचलणारा हातही ठरलेला आणि शेगडीही ठरलेली. जर्मनीने 2000 सालच्या कायद्याने प्रकल्पाला वीस वर्षे प्रत्येक युनिटमागे ठरावीक दर दिला आणि तिथे हजारो बायोगॅस प्रकल्प उभे राहून चालूही राहिले. त्या दराच्या लोभाने तिथल्या शेतकऱ्यांनी केवळ टाकीत घालायला मका पेरायला सुरुवात केली, हेही खरे. तेव्हा आपण पैसे द्यावेत ते कचऱ्याच्या गॅसला, आणि मीटर बघून, दर महिन्याला द्यावेत. उद्‌घाटनाच्या दिवशी मीटरवर काहीच नसते.

आता थोडी शांत होते, कारण सकाळी फाटकापाशी जे घडले ते अजून सांगितलेले नाही.

मी फ्लेक्सकडे बघत उभी होते तेव्हा आतून सुरक्षारक्षक बाहेर आला. बंद प्रकल्पाला राखणदार आहे, त्याच्या पगाराची तरतूद मात्र कुठेतरी सापडते, असे काहीतरी खोचक मी बोलले. तो हसला आणि म्हणाला, “ताई, मीच ऑपरेटर होतो. प्रकल्प बंद झाला, तेव्हा इथंच वॉचमन केलं.” मग त्याने मला आत नेऊन सगळे दाखवले. हॉटेलांच्या कचऱ्यात एक दिवस स्टीलचा चमचा आला आणि क्रशरची पाती तुटली. पाती बदलण्याची फाईल सात महिने फिरली. तोवर कचरा टाकता आला नाही, टाकीतला मसाला आंबट पडला, पुढे गॅस थांबला आणि नुसता वास सुटला, म्हणून आजूबाजूच्या रहिवाशांनी तक्रार केली. तक्रार चुकीची नव्हती. तो वास मीही घेतला आहे, त्या दिवसांत मंडईत नाकाला पदर लावूनच जावे लागे. पण एका चमच्याने एवढा मोठा प्रकल्प मेला, हे ऐकून मला आजीची ती बोटे आठवली, शेणातला एकेक खडा वेचणारी. तिच्या त्या वेचण्याला आम्ही तिची सवय समजत होतो. तेच देखभालीचे काम होते, आणि ते ती फुकट करत होती म्हणून आमचा गोबरगॅस वीस वर्षे चालला.

हे लिहिताना जरा लाज वाटते. आमच्या शेजारच्या तीन घरांनी त्याच वर्षी अनुदान घेतले होते, संयंत्रापुढे उभे राहून फोटोही काढले होते, आणि दोन पावसाळ्यांत त्यांच्या टाक्या गंजून विहिरीत चिपाडे भरली गेली. त्यांना आम्ही वर्षानुवर्षे हसलो. त्या घरांत गोबरगॅस सांभाळायला बाईच उरली नव्हती किंवा तिला उसाच्या टोळीवर जावे लागत होते, हा विचार माझ्या डोक्यात आज, या वयात येतो आहे. आमचाही अखेर बंद पडलाच. आजी थकली, काकांनी जनावरे विकली, सिलिंडर घरपोच येऊ लागला. सिलिंडर सोपा आहे. माझ्या काकूने शेणात हात घातला नाही म्हणून मी तिला कशी बोल लावू? मी तरी कुठे घातला?

आणि चमच्याबद्दल बोलायचे तर, आमच्या सोसायटीच्या ओल्या कचऱ्याच्या डब्यात मी परवाच दुधाची रिकामी पिशवी टाकताना स्वतःला पकडले आहे.

तरीही नगरपालिकेवरचा माझा राग कमी होत नाही. आजीला पगार नव्हता, तिचे काम कोणाच्या अंदाजपत्रकात नव्हते, ते घरातल्या घरात जिरून गेले. शहराला आजी नसते. तिथे खडे वेचायला माणसे लागतात, त्यांना हातमोजे लागतात, पगार लागतो, सुट्टीच्या दिवशी बदली माणूस लागतो, आणि पाती तुटली तर आठवड्यात नवी आणण्याएवढा अधिकार कनिष्ठ अभियंत्याच्या हातात लागतो. हा खर्च ‘आवर्ती’, म्हणजे दरवर्षी पुन्हा पुन्हा येणारा, असतो म्हणून तो कोणालाच नको असतो, कारण आवर्ती खर्चावर फ्लेक्स लावता येत नाही. मग जुना प्रकल्प मरू द्यायचा आणि त्याच आवारात नवा, नावीन्यपूर्ण, जन्माला घालायचा. बँकेत असे कोणी केले असते, जुने कर्ज थकलेले असताना त्याच जागेवर नव्या नावाने दुसरे मागितले असते, तर आम्ही त्याला दारातूनच परत पाठवले असते.

मी त्या रक्षकाला विचारले की हे पुन्हा सुरू होऊ शकेल का. तो म्हणाला, “टाकी चांगली आहे, ताई. पाती बदलली, पाइपातलं पाणी काढलं, खालचा गाळ उपसला आणि दोन ट्रॉली ताजं शेण आणून टाकलं की दीड-दोन महिन्यांत गॅस धरेल.” शेण कुठून आणायचे, कोणत्या गोठ्यातून, हेही त्याने ठरवून ठेवलेले होते. दोन वर्षे तो माणूस टाळ्याच्या आत बसून हा हिशेब करतो आहे आणि त्याला कोणी विचारलेले नाही. गोष्ट सांगताना तो तुटलेली पाती हातात घेऊन उभा होता; ती त्याने वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात ठेवली आहे, नमुना लागला तर असू द्यावा म्हणून.

पातीची किंमत, गाळ काढण्याची मजुरी, शेणाच्या दोन ट्रॉल्या आणि दोन माणसांचा वर्षाचा पगार, असे सगळे मी एका कागदावर लिहून काढले आहे. सोमवारी साडेदहाला तो अर्ज घेऊन नगरपालिकेत जाणार आहे. आपल्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी या. आवक-जावक विभाग तळमजल्यावरच आहे.