लहान पवनचक्की म्हणजे वटवाघळांचा कत्तलखाना? जरा थांबा

एक मजकूर सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. थोडक्यात असा: ‘पवनचक्की लहान असो की मोठी, एकेक चक्की वर्षाला शेकडो वटवाघळं मारते. नुसतं जवळून गेलं तरी हवेच्या दाबाने त्यांची फुफ्फुसं फुटतात. वटवाघळं आंधळी असल्यामुळे त्यांना पाती दिसत नाहीत. घराजवळ चक्की असेल तर आजच उतरवा.’ खाली गवतात पडलेल्या वटवाघळाचा फोटो. मला हा तिघांनी पाठवला. तिघंही प्राणिप्रेमी, हेतू चांगला. फोटोतलं वटवाघूळ कोणत्या चक्कीखाली सापडलं, असं विचारल्यावर मात्र तिघंही गप्प.

माझं म्हणणं एवढंच की या मजकुराने मोठ्या चक्कीचं पाप लहान चक्कीच्या माथी मारलं आहे, आणि त्या नादात लहान चक्कीचा जो खरा उपद्रव आहे तोच सांगायचा राहून गेला आहे.

‘लहान असो की मोठी, शेकडो मारते’

आधी आकार बघू. १०० मीटर व्यासाचा रोटर, म्हणजे फिरत्या पात्यांचं चक्र, साधारण ७,८५० चौरस मीटर हवेतून पाती फिरवतो, तर ३ मीटर व्यासाचा जेमतेम ७. म्हणजे अकराशे पटींचा फरक. शिवाय ‘शेकडो’ हा आकडा मोठ्या चक्कीलाही जड जातो. उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या जंगली डोंगरमाथ्यांवरचे आकडे सर्वांत वाईट म्हणून ओळखले जातात. तिथेही एका चक्कीमागे वर्षाला सुमारे २० ते ७० वटवाघळं, असा हिशेब निघाला होता. हे थोडं आहे असं मुळीच नाही. बहुतेक जातींना वर्षाला एकच पिल्लू होतं, त्यामुळे ही तूट भरून यायला पिढ्या लागतात. तिथे मरणाऱ्यांत होअरी बॅटसारख्या, उंचावरून लांबवर स्थलांतर करणाऱ्या जाती जास्त असतात.

लहान चक्क्यांबाबत ब्रिटनमध्ये मालकांकडून माहिती घेऊन अंदाज बांधले गेले, तेव्हा वरचा आकडासुद्धा दहा चक्क्यांमागे वर्षाला दोनच्या आतच राहिला. ही काळ्या दगडावरची रेघ नव्हे, हेही सांगायला हवं. पाच ग्रॅमचा जीव गवतात पडला तर मालकाला दिसेलच असं नाही, आणि पहाटेपर्यंत मांजर किंवा कोल्हा तो उचलून नेतो. मेलेलं सापडलं नाही म्हणजे मेलंच नाही, असा अर्थ कुणी काढू नये. पण ही सगळी गळती धरली तरी ‘दोनच्या आत’ आणि ‘शेकडो’ यांच्यातली दरी बुजत नाही.

‘जवळून गेलं तरी फुफ्फुसं फुटतात’

हे कुणी हवेतून काढलेलं नाही. २००८मध्ये कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठ्या चक्क्यांखाली सापडलेल्या वटवाघळांपैकी बहुतेकांच्या शरीरात रक्तस्राव झालेला होता आणि जवळपास निम्म्यांच्या अंगावर बाहेरून जखम दिसत नव्हती. पात्यामागे दाब एकदम घसरतो, त्याने फुफ्फुसं फाटतात, असा निष्कर्ष निघाला आणि बातम्यांना मथळा मिळाला.

नंतरची गोष्ट मथळ्यात आली नाही. पुढच्या तपासण्यांत क्ष-किरणांखाली अशी मोडलेली हाडं दिसली जी नुसत्या डोळ्यांना कळत नव्हती. मेल्यानंतर गेलेला वेळ आणि शव गोठवणं यांमुळेही फुफ्फुसांत तसेच बदल दिसतात. २०२०मध्ये पात्याभोवतीच्या दाबाची गणितं मांडली गेली, तेव्हा इजा होण्याइतका दाबातला बदल पात्याला अगदी चिकटूनच आढळला. इतक्या जवळ आलेल्या वटवाघळाला पातं लागणारच. लहान चक्कीचं पातं तर विताएवढंही रुंद नसतं. तेव्हा ‘जवळून गेलं तरी’ हे शब्द खोडावेत.

‘आंधळी असल्यामुळे पाती दिसत नाहीत’

वटवाघूळ आंधळं नसतं. फळं खाणाऱ्या मोठ्या वटवाघळांपैकी बहुतेक जाती तर आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून समोरचं ओळखण्याची युक्ती वापरतच नाहीत, डोळे आणि नाक यांवरच त्यांचं चालतं. मजकूर खरं तर छोट्या, किडे खाणाऱ्या वटवाघळांबद्दल, म्हणजे पाकोळ्यांबद्दल आहे. त्यांनाही डोळे आहेत, पण अंधारात शिकार करताना कान महत्त्वाचे.

आंधळेपण खोटं असलं तरी ‘पातं कळत नाही’ या तक्रारीत मात्र तथ्य आहे, आणि मजकुरात नेमकं तेच चुकीच्या कारणाने आलं आहे. भक्ष्य शोधत उडणारी पाकोळी सेकंदाला साधारण दहा वेळा आवाज सोडते आणि तेवढ्या वेळात पाच मीटर पुढे जाते. म्हणजे प्रत्येक अर्ध्या मीटरला एक क्षणचित्र. तीन पात्यांची चक्की मिनिटाला ३०० फेरे घेत असेल, तर एकाच जागेवरून सेकंदाला पंधरा वेळा पातं जातं. एका आवाजाला पातं समोर असतं, पुढच्या आवाजाला तिथे मोकळी हवा. पातं तिरकं असेल तर प्रतिध्वनी भलतीकडेच जातो. स्थिर भिंत किंवा फांदी ओळखण्यात तरबेज असलेल्या प्राण्याला हे कोडंच आहे.

आणि लहान म्हणजे संथ, हा समज लहान चक्कीची बाजू घेणाऱ्यांनी सोडावा. ३ मीटर व्यास आणि मिनिटाला ३०० फेरे धरले तर पात्याचं टोक ताशी सुमारे १७० किलोमीटरने धावत असतं.

मग खरा परिणाम कोणता?

स्टर्लिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रिटनमध्ये ६ ते १८ मीटर उंचीच्या लहान चक्क्यांवर प्रयोग केला; तो २०१२मध्ये प्रसिद्ध झाला. पद्धत साधी आणि म्हणूनच मला पटणारी: चक्की कधी चालू ठेवायची, कधी ब्रेक लावून थांबवायची, आणि वटवाघळांचे आवाज टिपणारी यंत्रं जवळ आणि थोडी लांब ठेवायची. चालू चक्कीपासून ५ मीटरच्या आत, तासाभरात निदान एक वटवाघूळ जाण्याची शक्यता वारा पडलेला असताना ८४ टक्के होती. वारा सेकंदाला १४ मीटरवर गेला की ती २८ टक्क्यांवर आली. २०–२५ मीटरवर हीच घसरण ८० वरून ५९ टक्के, म्हणजे बरीच सौम्य. चक्कीला ब्रेक लावला की ही घसरण नाहीशी. म्हणजे त्यांना हटवणारा नुसता वारा नव्हता, खांबही नव्हता. फिरती पाती होती. त्याच प्रयोगात पक्ष्यांच्या वावरावर असा परिणाम दिसला नाही.

म्हणजे वटवाघळं चक्कीपासून दूर राहतात, आणि मृत्यू कमी असण्याचं एक कारण बहुधा हेच. पण दूर राहणं फुकट नसतं. पाकोळ्या उघड्या माळावरून सरळ जात नाहीत. झाडांची रांग, कुंपण, ओढ्याचा काठ धरून जातात, आणि त्याच कडेला किडेही जमतात. लहान चक्कीची उंची नेमकी या वावराच्या थरात येते. कुंपणाला खेटून चक्की उभी केली तर मेलेलं काही सापडणार नाही, फोटो काढण्यासारखंही काही नसेल, आणि तरी चरण्याचा एक पट्टा वाऱ्याच्या रात्री बंद झालेला असेल. पिल्लाला पाजणाऱ्या मादीला तो वळसा महागात पडू शकतो. ‘लहान चक्कीने काहीच होत नाही’ म्हणणाऱ्यांनीही हे वाचावं.

‘आजच उतरवा’

सरसकट उतरवण्याची गरज नाही. चक्की झाडांच्या रांगेपासून, पाण्यापासून आणि वटवाघळांच्या वस्तीच्या तोंडापासून पंचवीस-तीस मीटर तरी लांब असली तर त्रासाचा मोठा भाग सुटतो. आधीच कडेला उभी असेल तर ब्रेक आहेच. मंद वाऱ्याच्या संध्याकाळी वटवाघळं सर्वांत जास्त बाहेर असतात आणि चक्कीतून तेव्हा फारसं काही निघत नाही: वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाने वाढते, म्हणून सेकंदाला ४ मीटरच्या वाऱ्यात १२ मीटरच्या वाऱ्याच्या सत्ताविसावा हिस्सा. मोठ्या चक्क्यांवर अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात हाच मार्ग वापरला. मंद वाऱ्यात पाती थांबवून ठेवली, तर मृत्यू ४४ ते ९३ टक्क्यांनी घटले आणि वर्षाच्या विजेतली घट एक टक्क्याच्या आत राहिली.

नवी चक्की घेणार असाल तर खांबासाठी खड्डा खणण्याआधी उन्हाळ्यातल्या दोन-तीन संध्याकाळी सूर्य मावळल्यावर तासभर त्या जागी उभे राहा. पाकोळ्या कुठल्या कडेने जातात ते नुसत्या डोळ्यांनीही दिसतं, आणि खांब हलवायचा असेल तर तो कागदावरच हलवता येतो.